नऊ दातांची कवडी

जळकोट, ६ जून २०२४

शिवप्रिया,

वरती आशीर्वाद लिहिलेला नाही हे तुझ्या लक्षात येईल. तू माझा फोन घेत नाहीस, तर आशीर्वाद तरी कशाला घेशील, असा विचार केला. पत्र रजिस्टरनं पाठवतोय, पोचपावतीसह. साधी पत्रं गहाळ होतात, एवढंच कारण.

आक्कानं लोहाऱ्याहून फोन केला होता. माझ्या अर्जावर तुमच्या विभागानं समिती नेमली, बारा ऑगस्टला चौकशी आहे आणि तोवर तुझा प्रबंध घ्यायचा थांबवलाय, असं ती म्हणाली. मलाही त्यांचं पत्र आलंय, पुरावे घेऊन रत्नागिरीला हजर राहा म्हणून. आक्का म्हणाली, "गुंड्या, पोटच्या पोरीवर अर्ज करतंय का कुणी? दुश्मन बी करत न्हाय." मी म्हणालो, अर्ज पोरीवर नाही, मोजणीवर आहे. तर म्हणते, "मग हितनं पुढं मोजणीलाच म्हण, भाकर वाढ म्हणून." आणि फोन ठेवला. तिच्याशी शास्त्रावर बोलण्यात अर्थ नसतो.

तुझ्याशी आहे, म्हणून लिहितो.

तुझ्या प्रबंधाचा निष्कर्ष असा, की आपल्या भागातल्या, भवानीच्या आराधिणींच्या जुन्या कवडीमाळांत ज्या लहान कवड्या आहेत त्या सगळ्या एकाच जातीच्या. समुद्रात पाठीवर केशरी कडं घेऊन फिरणारी जी छोटी गोगलगाय आहे, तिचीच ही शंखं. बाहेरच्या ओठावर बारा दात, एखादा कमी-जास्त. माझ्या पेट्यांत आजच्या तारखेला पाचशे अकरा कवड्या आहेत. त्यातल्या तीनशे अठ्ठेचाळीस कवड्यांच्या बाहेरच्या ओठावर नऊच दात आहेत. दहा नाही, आठ नाही. नऊ. तू त्या मोजणीतून काढून टाकल्यास आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंस, 'झीज झालेले नमुने वगळले आहेत.' ते नमुने कुणाचे हे तुझ्या सरांना कळलं नसेल, मला कळलं.

झिजलेला दात आणि मुळातच नसलेला दात यातला फरक मला कळत नाही, असं तुला वाटतं? तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या चाकांचे दात बघतोय. चाक झिजलं की दाताची एक बाजू पडते, धार येते, कड खरबरीत होते. या कवड्यांवर दात संपतात तिथून पुढं ओठ काचेसारखा गुळगुळीत आहे. तिथं कधी काही नव्हतंच. म्हणून ही जात वेगळी आहे, म्हणून अर्ज केला. शास्त्रात बाप-लेक नसतं, हे वाक्य तुझंच आहे. अकरावीत असताना तू म्हणाली होतीस.

जेवण वेळेवर घेतेस का.

गुंडाप्पा बिराजदार


जळकोट, २५ जून २०२४

शिवप्रिया,

पोचपावती परत आली. सही वसतिगृहाच्या पहारेकऱ्याची. अक्षर बरं आहे त्याचं.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली होती. राहिली म्हणजे मी ती लिहिली नाही. डिसेंबरात तुझं व्याख्यान होतं, त्याबद्दल.

मला तू बोलावलं नव्हतंस. तुझ्या मैत्रिणीनं, प्रतीक्षानं, पत्रिका मोबाईलवर टाकली होती, तिला वाटलं आप्पांना अभिमान वाटेल. वाटलाच होता. इस्त्रीचा शर्ट घातला, पेटी मांडीवर घेऊन एसटीनं आलो, मागच्या रांगेत बसलो. तू पडद्यावर कवडीचं चित्र दाखवलंस तेव्हा शेजारच्याला सांगणार होतो की ही माझी मुलगी. दातांच्या मोजणीचा तक्ता आला आणि मी उभा राहिलो. "मोजणी चुकलेली आहे," असं म्हणालो. इथवर ठीक होतं. पुढं म्हणालो, "हिला दात मोजायला मी शिकवलंय, आठ वर्षांची असताना. तेव्हा चुकत नव्हती."

सभागृहात हसले लोक.

तुझ्या सरांनी विचारलं, "हे कोण?" आणि तू खाली कागदाकडं बघत म्हणालीस, "आमच्या गावाकडचे आहेत."

परतीच्या गाडीत कोल्हापूरपर्यंत मी त्या वाक्यात चूक शोधत होतो. चूक नाही त्यात. मी गावाकडचाच आहे. दहावी नापास आहे. सोलापुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात पुठ्ठा नसलेलं इंग्रजी शंखांचं पुस्तक मिळालं, ते शब्दकोश शेजारी ठेवून चार वर्षांत वाचलं. समुद्र बघायच्या आधी समुद्राच्या गोगलगायींची नावं पाठ केलेला जळकोटात मी एकटा. ते तुला ठाऊक आहे. ते त्यांना सांगता आलं असतं.

अर्ज त्याच आठवड्यात टाकला. रागात लिहिला नव्हता असं मी आक्काला सांगितलंय. तुला तसं सांगत नाही.

तुझं लाकडी स्टूल दुकानात आहे तिथंच आहे. परवा गिऱ्हाईक बसायला लागलं, तर त्याचा एक पाय कमजोर आहे म्हणून सांगितलं. चारही पाय धड आहेत.

गुं. बि.


जळकोट, १४ जुलै २०२४

शिवप्रिया,

चौकशीला चार आठवडे राहिलेत. मी पुराव्याची तयारी चालू केली आहे. एकेका नऊ दाती कवडीचं दहापट मोठं चित्र काढतोय. चोवीस झाली.

आज कामात खंड पडला. लोहाऱ्याच्या धुरपदाबाई आल्या होत्या. तुझ्या आईबरोबर तुळजापूरला जायच्या त्या, उंच, आवाज सभेसारखा. आता सत्तरीच्या पुढं आहेत. आक्कानं त्यांना माझ्याकडं धाडलं. कवड्यांची माळ दोन ठिकाणी उसवलीय, नवरात्राआधी नव्या दोऱ्यात बसवून द्या म्हणाल्या. पट्टीवर शिवलेली माळ, एकसष्ट कवड्या. तुला आठवत असेल, आपल्याकडं कवडीची पाठ घासून सपाट करतात, तोंड वर ठेवतात आणि माशाच्या खवल्यांसारखी एकीचं टोक दुसरीवर येईल अशा शिवत जातात.

मी म्हणालो, "शिवून देतो. पण धुणार नाही. जुनी वस्तू मी पाण्यात घालत नसतो."

"का? पाण्यात इरघळतीय का ती?"

"मळ हाही पुरावा असतो, मावशी."

"कशाचा पुरावा? चाळीस वर्सं त्येल-हळद खाल्लीय तिनं. माज्या मानंला वास येतोय. मास्तर, तुमी रिठ्याच्या पान्यात घाला गुमान, न्हायतर द्या हिकडं, मी हापशावर घासते."

हापशावर घासतील याची मला खात्री वाटली. ठेवून घेतली. मग स्टुलावर बसल्या. त्यांना मी पायाचं कारण सांगायच्या आत बसल्या होत्या. विचारलं, "पोरगी काय म्हनतीय? समिंदरावर शिकतीय न्हवं?"

म्हणालो, "प्रबंध झाला तिचा."

"मग पेढं कुठायत?"

मी मळाचा विषय परत काढला.

आता उसवून, कवड्या रिठ्याच्या पाण्यात टाकून हे पत्र लिहितोय. मनाविरुद्ध. बावीस वर्षांत एकही नमुना धुतलेला नाही, हा माझा नियम तू मोडू बघायचीस. लहानपणी टूथब्रश घेऊन यायचीस. डाव्या हातात.

गुं. बि.


जळकोट, १८ जुलै २०२४

शिवप्रिया,

थोडक्यात लिहितो.

धुरपदाबाईंच्या कवड्या धुऊन वाळवल्या. उसवताना प्रत्येकीला क्रमांक दिला होता, कारण त्याच क्रमानं परत शिवायच्या होत्या. मोजलं. क्रमांक एक ते साठ, नऊ दात. एकसष्टावी, म्हणजे माळेची शेवटची, जिच्यावर दुसऱ्या कुठल्या कवडीचं टोक येत नाही, तिला बारा.

तीनदा मोजलं.

योगायोग असू शकतो.

गुं. बि.


जळकोट, २८ जुलै २०२४

शिवू,

योगायोग नाही.

दहा दिवस दुकान अर्धवेळ उघडतोय. माझ्या पेटीतल्या कवड्या रिठ्यात घातल्या. सगळ्या. पाण्यावर पिवळा तवंग आला, त्यातून घरभर आईच्या वासाची हळद. कवडीच्या फटीतला मळ निघाल्यावर भिंगातून आत बघितलं. ओठाच्या काठावर नऊ दात. पण फटीच्या आत, जिथं शेजारणीचं टोक पोचू शकत नाही, तिथं उरलेल्या तीन दातांची मुळं. बारीक, पांढरी, जागच्या जागी. बारा दातांचीच कवडी ती. वरचे तीन चाळीस वर्षं शेजारणीच्या टोकाखाली घासून गेले. लोखंडावर लोखंड घासलं की खरबरीत होतं. इथं मधे तेल होतं, हळद होती, अंगाची ऊब होती, म्हणून घासलेली जागाही काचेसारखी झाली. मला चाकांचे दात माहीत होते. बाईच्या छातीवर चाळीस वर्षं हललेल्या माळेचे नव्हते.

आणखी एक. केशरी कडं पाठीवर असतं. मी ज्यांच्यावरून जात ठरवली, त्या सगळ्यांच्या पाठी माळेसाठी घासून टाकलेल्या होत्या. पाठ नसलेली कवडी हातात घेऊन मी बावीस वर्षं सांगत होतो की हिच्या पाठीवर कडं नाही.

तू हे चार वर्षांपूर्वी सांगितलं होतंस. "आप्पा, धुऊन आत बघा." मी म्हणालो होतो, नमुना धुवायचा नसतो हे तुला कॉलेजात शिकवत नाहीत का.

आता जे सांगायचंय ते शास्त्रातलं नाही.

मी प्रत्येक पेटीवर लिहितो की नमुना कुठून मिळाला. पाचशे अकरापैकी साठ कवड्यांच्या काड्यापेट्यांवर मी 'जळकोट, खासगी संग्रह' असं लिहिलंय. तुला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. आईच्या तेराव्यानंतर महिन्यानं तू कपाट उघडलंस आणि माळ नव्हती. ती माळ तुला जायची होती. तुझ्या आईनं, इरम्मानं, तसं सगळ्यांसमोर सांगितलेलं होतं, तुळजापूरच्या पायरीवर तुझ्या गळ्यात घालायची म्हणून. मी तिचा दोरा कापला होता. एकेक कवडी सोडवून, दात मोजून काड्यापेटीत घातली होती. तू विचारलंस तेव्हा म्हणालो, "सुरक्षित आहे, वर्गवारी केलीय." तू म्हणालीस, "आईला काड्यापेट्यांत भरलंत तुम्ही." आणि मी, खरं सांगतो, तेव्हा मनात म्हणालो की पोरगी भावनेच्या भरात बोलतेय.

का कापला, ते कुणाला सांगितलेलं नाही.

त्या इंग्रजी पुस्तकात नियम दिलाय, की नव्या जातीला माणसाचं नाव द्यायचं तर बाईच्या नावाला एक लॅटिन शेपटी लागते. मी इरम्माच्या नावाला ती शेपटी लावून बघितली होती. चांगली दिसत होती. वहीच्या शेवटच्या पानावर दोनशे वेळा तरी लिहिली असेल. जगातल्या सगळ्या पुस्तकांत एक गोगलगाय तिच्या नावाची असावी, एवढं माझ्या डोक्यात होतं. ती सोलापूरच्या दवाखान्यात होती ते दीड महिने तू तिच्याजवळ होतीस, आणि मी इथं दुकान बंद ठेवता येत नाही असं सांगून तिच्या जातीची चित्रं काढत होतो. तिला भेटायला सहा वेळा आलो. तू मोजले असशील.

म्हणून नऊ दात खरे असायला हवे होते मला.

तुझा,
आप्पा


जळकोट, ५ ऑगस्ट २०२४

शिवू,

या पाकिटात समितीला आज पाठवलेल्या पत्राची नक्कल आहे. मूळ पत्र रजिस्टरनं गेलं. नक्कल कार्बन लावून काढली, फोटो काढून मोबाईलवर पाठवता आली असती, पण तू माझा नंबर बंद केलायस.

'महोदय, मी, गुंडाप्पा मलप्पा बिराजदार, घड्याळ दुरुस्ती, रा. जळकोट, माझा दि. २० डिसेंबरचा अर्ज पूर्णपणे मागे घेत आहे. माळेत शिवलेल्या कवडीवर दुसऱ्या कवडीचं टोक येतं आणि त्याखालचे बाहेरच्या ओठाचे तीन दात झिजतात. आतील बाजूस त्यांची मुळं शिल्लक राहतात. सोबत एकसष्ट कवड्यांच्या एका माळेचा क्रमवार तक्ता आणि आठ चित्रं जोडली आहेत. नऊ दातांची वेगळी जात अस्तित्वात नाही. संशोधक विद्यार्थिनीनं झीज झालेले नमुने वगळले हे योग्यच होतं. तिनं हे मला पूर्वी तोंडी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक निरीक्षणाची नव्हती, गर्वाची होती. तक्ता तिच्या उपयोगाचा वाटल्यास तिला द्यावा, माझं नाव घालण्याची गरज नाही. मी तिचा बाप आहे.'

शेवटचं वाक्य आधीच्या अर्जात नव्हतं. तेव्हा लिहिलं असतं तर अर्ज कुणी वाचलाच नसता, म्हणून गाळलं होतं. आपण दोघांनीही एकेकदा गाळलं, तेव्हा हिशोब... नको, हिशोब लावत नाही. तू भीतीनं गाळलंस, मी जिंकायला.

डाक कचेरीत समर्थ म्हणून नवा पोरगा आलाय खिडकीवर. पाकिटाचं वजन करताना म्हणाला, "काका, दर पंधरा दिवसाला रत्नागिरी! कोर्टाचं मॅटर हाय का?" मी म्हणालो, होतं. आजपासून मिटलं. म्हणाला, "जिंकलाव का हारलाव?" त्याला सांगितलं, शिक्का नीट मार, तारीख उठली पाहिजे.

वहीच्या शेवटच्या पानावरची आईच्या नावाची ओळ खोडली नाही. पान तसंच आहे.

आप्पा


लोहारा, १५ ऑगस्ट २०२४

शिवू,

आक्काकडं आलोय, इथूनच लिहितो. धुरपदाबाईंची माळ द्यायला आलो होतो. त्यांनी नाकाजवळ धरली, मग गळ्यात घातली, मग म्हणाल्या, "हलकी लागतीय. मास्तर, येकांदी खिशात तर न्हाय ना घातलीव?" एकसष्टच्या एकसष्ट मोजून दाखवल्या. "मोजू नका वो माज्या गळ्यात," म्हणून हसल्या. त्यांना सांगितलं की तुमच्या माळेमुळं माझं बावीस वर्षांचं काम खोटं ठरलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग शिलाई घेऊ नका." बरोबर उलटं व्हायला हवं होतं की नाही, पण वाद घातला नाही.

आक्का सांगत होती की समितीनं अर्ज निकालात काढला आणि तुझा प्रबंध स्वीकारला. तू तिला फोन केलास. मी भिंतीपलीकडं होतो, तुझा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. आक्कानं विचारलं, "बोलतीस का आप्पाशी?" मग आक्का म्हणाली, "बरं. जेव तू."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "न्हाय म्हनली न्हाय ती. गप ऱ्हायली. तेवढंच हाय."

मी म्हणालो, तेवढं पुष्कळ आहे. आक्कानं माझ्याकडं बघितलं. असं मी बोलत नाही म्हणून.

मागच्या दोन पत्रांच्या पोचपावत्या आल्यात. पाच तारखेच्या पत्रावर सही पहारेकऱ्याची नाही. डावीकडं झुकलेली आहे.

आप्पा


जळकोट, २२ सप्टेंबर २०२४

शिवू,

हे पत्र लांबेल. चौथ्यांदा लिहितोय.

आईची माळ परत शिवतोय. नवरात्र तीन ऑक्टोबरला बसतं. तोवर व्हावी असा प्रयत्न आहे.

कापताना मी क्रम लिहून ठेवला नव्हता. ज्या माणसानं गिऱ्हाइकाच्या भिंतीवरच्या घड्याळाचे स्क्रूसुद्धा क्रमानं बशीत ठेवले, त्यानं बायकोच्या माळेचा क्रम लिहिला नाही. दात तेवढे मोजले. साठ कवड्या टेबलावर पसरून बसलो तेव्हा वाटलं आता हे कुणालाच जुळवता येणार नाही. दुकानातून नव्या दोऱ्याची गुंडी आणली होती, ती परत खिशात टाकली.

मग लक्षात आलं. ज्या टोकानं तीन दात झिजवले, त्या टोकालाही झीज लागलेली असणारच. दोघी एकमेकींवर घासल्यात. हिच्या ओठावरचा खळगा आणि तिच्या टोकाचा, म्हणजे टाचेचा, उतार एकमेकांत बसला पाहिजे. भिंगाखाली एकेक जोडी धरून बघायला लागलो. पहिली जोडी जुळायला चार दिवस गेले. जुळली तेव्हा बोटांना कळलं, डोळ्यांच्या आधी. टक् करून बसली, आणि हलवली तर हलेना. चाळीस वर्षं जिथं होती तिथं परत आली ती. मी उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. हैदराबादकडं जाणारे ट्रक बघत.

त्यानंतर वेग आला. रोज तीन-चार जोड्या. झीज बघून कळायला लागलं की छातीच्या मधोमध कुठल्या होत्या आणि मानेमागं कुठल्या. तिच्या डाव्या बाजूच्या कवड्या जास्त घासल्यात. संबळ वाजला की ती डाव्या खांद्यानं ठेका धरायची, हे मला आठवतं असं वाटत होतं. आठवत नव्हतं. कवड्यांनी सांगितल्यावर आठवलं.

बारा दाती दोन निघाल्या. एक शेवटची, धुरपदाबाईंच्या एकसष्टावीसारखी. तिची टाच झिजलेली आहे, तेव्हा ती शेवटची यात शंका नाही. दुसरी मात्र कुठंच झिजलेली नाही. ओठ कोरा, टाच कोरी. माळेत महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त राहिलेली नाही ती. मी ही शिवलेली नाही. माझ्या शिवणीचा दोरा काळा असतो. कापलेल्या दोऱ्याचे तुकडे मी एका पाकिटात ठेवलेत (काहीतरी शहाणपण होतं म्हणायचं), त्यात एक तुकडा निळा आहे, आणि त्याची गाठ उलट्या अंगाची आहे. डाव्या हातानं मारलेली.

दवाखान्यात केव्हातरी माळ तुटली असणार. तू शिवलीस. आईनं सांगितलं नाही, तूही नाही. आणि मी त्या कवडीला काड्यापेटीत घालून वर लिहिलं, 'बारा दाती, तुलनेसाठी.'

अडचण अशी आहे. बाकीच्या एकोणसाठ जुळवल्या तर त्यांचे तीन तुकडे होतात. तुकड्यांत आतल्या आत सगळं घट्ट बसतं, पण दोन ठिकाणी शेजारणी एकमेकींना ओळखत नाहीत. म्हणजे दोन कवड्या हरवल्या होत्या. दवाखान्यात तू एक बसवलीस आणि एक जागा तशीच राहिली. तुझी कवडी त्या दोन जागांपैकी एका जागेवर होती. झीजच नाही तिच्यावर, तेव्हा तिच्याकडून काही कळत नाही. कडेच्या कवड्यांवर तिची खूण उमटायला वेळच मिळाला नाही. तीन दिवस बघितलं. उजेड बदलून बघितलं. भिंग बदललं. पुस्तकात नाही. आक्काला विचारलं, ती म्हणाली, "कुठं बी बसीव, देवीला काय फरक पडतोय?" पडतो. देवीचं मी सांगू शकत नाही, पण आईनं शेवटचे दिवस ती जशी गळ्यात घातली तशीच ती तुला मिळायला पाहिजे.

तिन्ही तुकडे शिवून तयार आहेत. मधल्या दोन जागा उघड्या ठेवल्यात. सुईत निळा दोरा ओवून ठेवलाय, तुळजापुरात सारखा रंग मिळाला नाही, उमरग्यात मिळाला.

पहिल्या जागेवर की दुसऱ्या, शिवू, मला माहीत नाही.

आप्पा